पायलट व्हायला निघालात? उड्डाणाच्या आखणीचं अ‍ॅप असं निवडा

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या रीड-हिलव्ह्यू विमानतळावर आमचा फ्लाइंग क्लब आहे. शनिवारी सकाळी तिथे गेलं की हल्ली कुठून तरी मराठी कानावर पडतंच. आठवडाभर सॉफ्टवेअरची नोकरी आणि सुट्टीच्या दिवशी सेसना १७२, असे बरेच जण आहेत. दहाएक तास उडून झाले की त्यांच्यातलं कुणीतरी मला गाठतं आणि विचारतं, "ताई, अ‍ॅप कुठलं घेऊ?"

नुसतं नाव सांगणं सोपं आहे, पण मी सांगत नाही. नाव कळलं की माणूस त्याच रात्री वर्षाची वर्गणी भरतो आणि पुढच्या शनिवारी स्क्रीनकडे बघत उडायला लागतो. बाहेर असायला हवेत ते डोळे आत येतात. हे मी बऱ्याच वेळा पाहिलं आहे, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढते आहे. शिकाऊ पायलट आणि नुकताच प्रायव्हेट परवाना मिळालेले, यांच्यासाठी हा लेख आहे. उड्डाण व्हीएफआर धरलं आहे, म्हणजे ढगांपासून लांब राहून, बाहेर बघत करायचं.

या अ‍ॅपना पायलट लोक ईएफबी म्हणतात. इलेक्ट्रॉनिक फ्लाइट बॅग. पूर्वी नकाशे, विमानतळांची पुस्तकं, पट्टी, गणकचकती असं सगळं एका जड बॅगेत घेऊन जावं लागे, ती बॅग आता टॅब्लेटमध्ये आली. नकाशा, हवामान, नोटाम म्हणजे पायलटांसाठीच्या तातडीच्या सूचना, इंधनाचा हिशेब, फ्लाइट प्लॅन भरणं आणि उडताना नकाशावर सरकणारं आपलं विमान, हे सगळं एका जागी. अमेरिकेत खासगी, बिगर-व्यावसायिक उड्डाणाला कागदी नकाशाऐवजी टॅब्लेट वापरायला एफएएची, म्हणजे तिथल्या हवाई नियामकाची, वेगळी परवानगी लागत नाही. मात्र त्यातली माहिती चालू तारखेची आहे की नाही, ही जबाबदारी पूर्णपणे पायलट-इन-कमांडची.

आधी एक मार्ग कागदावर आखा

पैसे भरण्याच्या आधीची ही पायरी आहे आणि ती गाळू नका. अ‍ॅपमध्ये दोन विमानतळांची नावं टाकली की गुलाबी-जांभळी रेघ येते, खाली वेळ आणि इंधन येतं. ते बरोबर आहे की नाही हे ओळखायला तुमच्याकडे स्वतःचं उत्तर हवं.

माझा ठरलेला मार्ग रीड-हिलव्ह्यू ते कोलंबिया. सिएरा पर्वताच्या पायथ्याशी, सुमारे २१०० फूट उंचीवरचं हे छोटं विमानतळ. सरळ रेषेत साधारण ७९ नॉटिकल मैल. सेक्शनलवर, म्हणजे व्हीएफआरसाठीच्या हवाई नकाशावर, प्लॉटर म्हणजे कोन मोजायची पट्टी ठेवली की खरा, भौगोलिक उत्तरेपासूनचा कोर्स ५८ अंशांच्या आसपास येतो. इथलं चुंबकीय विचलन पूर्वेकडे सुमारे १३ अंश, ते वजा केलं की होकायंत्राचा कोर्स ४५. पूर्वेकडे जाताना उंची विषम हजार अधिक पाचशे, म्हणून ५५०० फूट. ११५ नॉट वेग धरला, चढाईची आठ मिनिटं धरली, तर वारा नसताना पंचेचाळीस मिनिटांच्या आत-बाहेर. टॅक्सी आणि चढाई धरून सगळं मिळून आठ-नऊ गॅलन पेट्रोल.

हा मार्ग मला आवडतो कारण एवढ्याशा अंतरात सगळं भेटतं. निघताना डोक्यावर सॅन होजेचं क्लास सी हे नियंत्रित हवाई क्षेत्र, लगेच डायब्लो रेंजचे डोंगर, मग सपाट सेंट्रल व्हॅली, मोडेस्टोचा टॉवर उजवीकडे, आणि शेवटी उंचावरचं, टॉवर नसलेलं विमानतळ. तुमच्या भागातला असाच एक मार्ग निवडा. डोंगर असावा, नियंत्रित हवाई क्षेत्र असावं, आणि गाडीने गेल्यामुळे ओळखीचा असेल तर उत्तमच. तो हाताने आखा, कागदावर सगळे आकडे लिहा आणि कागद जपून ठेवा. पुढे प्रत्येक अ‍ॅप याच कागदाशी ताडून बघायचं आहे.

तुम्ही कुठे उडता आणि हातात कुठलं यंत्र आहे

यादी इथेच निम्मी होते. अमेरिकेत सगळ्यात जास्त दिसतात ती दोन: फोरफ्लाइट आणि गार्मिन पायलट. फोरफ्लाइट फक्त आयपॅड आणि आयफोनवर चालतं, शिवाय घरच्या संगणकावर ब्राउझरमधून आखणी करता येते. अँड्रॉइड टॅब्लेट असेल तर फोरफ्लाइटचा विषय संपला. गार्मिन पायलट दोन्हीकडे चालतं. आयफ्लाय नावाचं तिसरं आहे, तेही दोन्हीकडे. अँड्रॉइडवर अवारे नावाचं मोफत, ओपन सोर्स अ‍ॅप आहे, स्पेलिंग ए-व्ही-ए-आर-ई. दिसायला साधं आहे, पण एफएएचे खरे नकाशे त्यात मिळतात. विद्यार्थी म्हणून खिसा हलका असेल तर त्यापासून सुरुवात करायला काहीच हरकत नाही.

अमेरिकेत इतकी अ‍ॅप का, तर एफएए आपले नकाशे आणि विमानतळांची माहिती डिजिटल स्वरूपात सगळ्यांसाठी खुली ठेवते. कच्चा माल सगळ्यांना सारखाच मिळतो, अ‍ॅपवाले त्याची मांडणी विकतात. त्यामुळे "या अ‍ॅपचा नकाशा जास्त खरा" असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. सेक्शनल तोच असतो.

युरोपात चित्र वेगळं. ब्रिटन, जर्मनीत व्हीएफआर उडणाऱ्यांकडे स्कायडेमन खूप दिसतं, आणि ते आयपॅड, अँड्रॉइड, विंडोज तिन्हीवर चालतं. ऑस्ट्रेलियात ओझरनवेज आणि अ‍ॅव्हप्लॅन ही तिथलीच दोन अ‍ॅप. त्या देशात उडत असाल तर अमेरिकेतल्या भावाचं ऐकून अ‍ॅप घेऊ नका, शेजारच्या हँगरमधल्या माणसाला विचारा.

टॅब्लेट नवीन घेणार असाल तर एक गोष्ट आधी बघा. नुसत्या वाय-फायच्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं. सिम घालता येणाऱ्या मॉडेलमध्ये असतं, सिम घाला किंवा नका घालू. दुकानात हे कुणी आपणहून सांगत नाही. घरी आणल्यावर टेबलावर वाय-फायच्या अंदाजाने ठिकाण बरोबर दिसतं, आणि विमानात बसल्यावर आपलं विमान नकाशावर हलतच नाही. वाय-फायचाच आयपॅड घरात असेल तर वेगळा जीपीएस रिसीव्हर जोडून काम भागतं. आकाराचं म्हणाल तर १७२ मध्ये आयपॅड मिनी पुरतो. मोठा टॅब्लेट योकवर, म्हणजे विमानाच्या स्टिअरिंगवर, लावला की मागची उपकरणं झाकतो.

क्लबात काय वापरतात ते बघा

माझ्या मते सगळ्यात वजनदार मुद्दा हाच, आणि नवखे त्यालाच सगळ्यात कमी किंमत देतात. हवेत, हलत्या विमानात, रेडिओ चालू असताना तुम्ही अडकलात, तर उजवीकडे बसलेल्या इन्स्ट्रक्टरला ते बटण डोळे मिटून सापडायला हवं. इन्स्ट्रक्टर फोरफ्लाइटवर शिकवत असेल आणि तुम्ही वेगळं काही घेतलं, तर धड्याची दहा मिनिटं "तुझ्याकडे हे कुठे आहे गं?" यात जातात. विमानाचे आणि इन्स्ट्रक्टरचे तासाचे पैसे बघता वर्गणीतला फरक त्यापुढे काहीच नाही.

विमानात बसवलेलं यंत्र कुठलं तेही बघा. पॅनलमध्ये गार्मिनचा जीटीएन किंवा जी१००० असेल आणि त्याला वायरलेस जोडणीची सोय असेल, तर टॅब्लेटवर आखलेला मार्ग थेट पॅनलमध्ये पाठवता येतो. गार्मिन पायलट आणि फोरफ्लाइट दोन्ही हे करतात. पण भाड्याच्या प्रत्येक विमानात ती जोडणी असेल असं नाही. आमच्या क्लबाच्या चार विमानांत चार तऱ्हा आहेत.

चाचणीचा महिना वाया घालवू नका

फोरफ्लाइट आणि गार्मिन पायलट दोन्ही तीस दिवस फुकट वापरायला मिळतात. दोन्ही एकाच वेळी सुरू करू नका. एक घ्या, महिनाभर वापरा, मग दुसरं. आणि तीस दिवसांतले पहिले दहा घरातच घालवा.

कागदावरचा मार्ग अ‍ॅपमध्ये टाका. अंतर, कोर्स जुळायलाच हवा. वेळ जुळणार नाही, कारण अ‍ॅप आजचा वारा धरतं. फरक कुठून आला हे स्वतःला समजावून सांगता आलं पाहिजे. पश्चिमेचा १५ नॉट वारा असेल तर कोलंबियाला जाताना तेरा-एक नॉटची मागून मदत मिळते, तितकाच येताना विरोध. हे गणित कागदाच्या कोपऱ्यात करा आणि अ‍ॅपचा ग्राउंड स्पीड, म्हणजे जमिनीच्या हिशेबाने वेग, बघा. जुळला की एक प्रकारचा विश्वास बसतो, आणि तो विश्वास कमावलेला असतो.

मग मार्ग मोडा. मधेच ठरवा की डोंगरावर ढग आहेत, लिव्हरमोरवरून वळसा घालायचाय. रेघ बोटाने ओढून नेता येते का? जवळचं विमानतळ, त्याच्या रनवेची लांबी आणि रेडिओची फ्रीक्वेन्सी किती टप्प्यांत सापडते? हे आरामात बसून करू नका. मी माझ्या मुलाला जेवणाचं टेबल हलवायला सांगितलं होतं. तो टेबल हलवतोय, नवरा मधेच मोठ्याने आकडे वाचतोय, आणि मला मर्सेडची सीटीएएफ, म्हणजे टॉवर नसलेल्या विमानतळाची रेडिओ फ्रीक्वेन्सी, शोधायची आहे. खुर्चीत बसून तीन सेकंदात होणारं काम तेव्हा पंधरा सेकंद घेतं. पंधरा सेकंदांत १७२ अर्धा नॉटिकल मैल पुढे गेलेलं असतं. ज्या अ‍ॅपमध्ये हे काम कमी बोटांत झालं, ते माझ्यासाठी बरं.

एक दिवस टॅब्लेट घेऊन उन्हात गाडीत बसा. गॉगल घालून. पोलराइज्ड काचांतून काही स्क्रीन एका कोनात काळी दिसते, आडवी धरली की नीट दिसते. हे रॅम्पवर, विमानाशेजारी उभं असताना, कळण्यापेक्षा पार्किंगमध्ये कळलेलं बरं. त्यासाठीच बरेच पायलट साधा गॉगल घेतात.

शेवटची घरगुती परीक्षा: टॅब्लेट एअरप्लेन मोडवर टाका, जीपीएस चालू ठेवा, आणि संपूर्ण मार्गावर बोट फिरवत नकाशा मोठा करून बघा. कुठे पांढरा चौकोन दिसला तर तिथला नकाशा उतरवलेला नाही. फोरफ्लाइटमध्ये पॅक नावाची सोय आहे, ती मार्गाला लागणारं काय काय उतरवायचं राहिलंय ते सांगते. इतर अ‍ॅपमध्ये हे काम बहुधा राज्य निवडून करावं लागतं. सेक्शनल ५६ दिवसांनी बदलतो, विमानतळांची आणि हवाई क्षेत्रांची माहिती २८ दिवसांच्या चक्राने. तारीख लाल दिसली तर उडायचं नाही, इतका साधा नियम स्वतःला लावून घ्या.

विमानाचे आकडे स्वतः भरा

इथे मी जरा रेंगाळणार आहे.

अ‍ॅपमध्ये विमानाचं प्रोफाइल असतं: वेग, चढाईचा दर, तासाला लागणारं इंधन, टाकीची क्षमता. तयार प्रोफाइलही मिळतात, आणि नवखा माणूस "सेसना १७२एस" निवडून मोकळा होतो. आमच्या क्लबातल्या एका नव्या सदस्यासोबत बसले होते. त्याने टाकीतलं जवळपास सगळं इंधन लागेल इतक्या लांब जाऊन येण्याचा बेत आखला होता, वाटेत इंधन न भरता. अ‍ॅप हिरवा कंदील देत होतं. प्रोफाइल उघडून पाहिलं तर इंधन ५६ गॅलन. १७२एसच्या टाक्यांत ५६ गॅलन मावतात हे खरं, पण वापरता येण्यासारखे ५३. उरलेले ३ टाकीच्या तळाशी राहतात, इंजिनापर्यंत पोचतीलच याची खात्री नाही. तासाला ९ गॅलनच्या हिशेबाने ती वीस मिनिटं झाली. दिवसा व्हीएफआरला कायद्याने ३० मिनिटांचं राखीव इंधन लागतं, म्हणजे त्याच्या राखीव साठ्यातला दोन तृतीयांश भाग फक्त स्क्रीनवरच होता.

म्हणून त्या विमानाचं, त्याच नंबरच्या विमानाचं, हँडबुक हातात घ्या. वापरता येणारं इंधन, रिकाम्या विमानाचं वजन, पाच-सहा हजार फुटांवरचा खरा वेग हे आकडे त्यातून भरा. इंधनाचा दर हँडबुकपेक्षा थोडा जास्तच धरा, कारण क्लबाचं विमान नवं नसतं आणि इंधन-हवेचं मिश्रण पातळ करायला शिकाऊ हात कचरतो. चार-पाच उड्डाणांनंतर प्रत्यक्षात किती भरावं लागलं ते बघून आकडा सुधारा. माझ्याकडे क्लबाच्या प्रत्येक विमानाचं वेगळं प्रोफाइल आहे.

विमानतळावर मिळणाऱ्या इंधनाच्या किमतीचा रकानाही असाच फोन करून तपासायचा असतो. रीड-हिलव्ह्यूनेच १ जानेवारी २०२२ पासून शिसं असलेलं १००एलएल पेट्रोल विकणं बंद केलं. बाहेरून येणाऱ्यांना, आपल्या इंजिनाला चालेल असं इंधन इथे मिळेल का, हा प्रश्न तेव्हापासून पडतो. कुठेही इंधनावर अवलंबून जायचं असेल तर आदल्या दिवशी तिथे फोन करा.

टीएफआर आणि हवामान: अ‍ॅप दाखवतं ते किती जुनं?

कोलंबियाला कॅल फायरचा, म्हणजे वणवे विझवणाऱ्या राज्याच्या दलाचा हवाई तळ आहे. उन्हाळ्यात डोंगरात आग लागली की टँकर विमानं तिथून उठतात आणि आगीभोवती तासाभरात टीएफआर, म्हणजे तात्पुरती उड्डाणबंदी लागू शकते. सकाळी निघताना नकाशा स्वच्छ होता म्हणून दुपारी परतताना स्वच्छ असेल असं धरू नका. इंजिन सुरू करण्याआधी पुन्हा बघा.

मैदानांचा टीएफआर आणखी फसवा. तीस हजार किंवा जास्त प्रेक्षक मावतील अशा मैदानात मोठ्या लीगचा सामना असला, तर आधी एक तास आणि नंतर एक तास, तीन नॉटिकल मैलांत, जमिनीपासून तीन हजार फुटांपर्यंत जाता येत नाही. सांता क्लाराचं लीव्हाइज स्टेडियम आमच्या विमानतळापासून जवळच आहे. हा टीएफआर कायमस्वरूपी नोटामने लागू असतो, प्रत्येक सामन्याची वेळ वेगळी जाहीर होत नाही. अ‍ॅप सामन्यांच्या वेळापत्रकावरून अंदाजाने गोल काढतं. सामना लांबला तर गोल आधीच नाहीसा झालेला असू शकतो. शंका आली की १-८००-डब्ल्यूएक्स-ब्रीफला, म्हणजे पायलटांना माहिती देणाऱ्या फ्लाइट सर्व्हिसला, फोन लावा आणि माणसाशी बोला. मी नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या तीन क्रॉस-कंट्रीच्या, म्हणजे लांबच्या उड्डाणांच्या, आधी तरी हा फोन करायला सांगते. ब्रीफर ज्या क्रमाने सांगतो तो क्रम कानात बसला की अ‍ॅपमधलं हवामान वाचणं सोपं जातं.

आता एडीएस-बी रिसीव्हर. एडीएस-बी म्हणजे विमानांनी आपलं ठिकाण रेडिओने प्रसारित करायची पद्धत. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं यंत्र, काचेला चिकटवायचं. अमेरिकेत जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून हवामान फुकट प्रसारित होतं आणि आजूबाजूची विमानंही टॅब्लेटवर दिसतात. फार उपयोगी वस्तू आहे. घेण्याआधी ते तुमच्या अ‍ॅपशी बोलतं का हे पाहा. सेंट्री हा रिसीव्हर फोरफ्लाइटसाठी बनवलेला आहे, उद्या अ‍ॅप बदललंत तर तो अडगळीत जाईल. हातात कला असेल तर रास्पबेरी पायवर स्ट्रॅटक्स घरी बनवता येतो, आणि तो बऱ्याच अ‍ॅपशी जमवून घेतो.

त्याच्या दोन मर्यादा पाठ असू द्या. पहिली रडारची. पावसाच्या चित्राशेजारी "५ मिनिटं" असं वय लिहिलेलं असतं. ते चित्र जोडून तयार झाल्यापासूनचं वय. त्यातल्या पावसाची मूळ नोंद त्याहून जुनी असते. अमेरिकेत विमान अपघातांची चौकशी करणाऱ्या एनटीएसबीने २०१२ मध्ये याबद्दल खास इशारा काढला: काही वेळा खरं वय दाखवलेल्यापेक्षा १५ ते २० मिनिटांनी जास्त असू शकतं. त्या चित्रावरून वादळ लांबून टाळायचं असतं. दोन लाल ठिपक्यांमधली फट शोधून त्यातून जायला ते चित्र नाही.

दुसरी मर्यादा विमानांची. मनोरा तुमच्या आजूबाजूच्या, साधारण १५ नॉटिकल मैल आणि वर-खाली ३५०० फूट, एवढ्या भागातली विमानं पाठवतो, पण ती एडीएस-बी आउट, म्हणजे स्वतःचं ठिकाण प्रसारित करणारं यंत्र, असलेल्या विमानांसाठी. तुमच्या विमानात आउट नसेल तर चित्र अर्धवट मिळतं आणि ते अर्धवट आहे हे स्क्रीन सांगत नाही. ग्लायडर आणि वीज नसलेली जुनी विमानं तर कित्येकदा दिसतच नाहीत. हॉलिस्टरकडे जाताना मला एकदा डावीकडे वर पांढरं काहीतरी चमकलं. ग्लायडर, वळण घेत चढत होतं. टॅब्लेटवर तिथे काहीच नव्हतं.

स्क्रीन काळी झाली तर

होणारच आहे, कधीतरी.

जुलैतली दुपार होती. कोलंबियाहून परत येत होते, ६५०० फुटांवर. खाली व्हॅलीत पारा ३८ अंशांवर गेलेला, ऊन समोरून थेट योकवर, आणि टॅब्लेट तिथेच, वर चार्जिंगची वायर लावलेली. टॅब्लेट साधारण ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला बनवलेले असतात. स्क्रीन आधी मंद झाली. मला वाटलं ऊन आहे म्हणून तशी दिसते. मग काळी झाली आणि मधोमध थर्मामीटरचं चिन्ह आलं. नवऱ्याने विचारलं, "आता?"

मांडीवर कागद होता. त्यावर मोडेस्टो शेजारून गेल्याची वेळ मी पेन्सिलने लिहिली होती आणि पुढचं हेडिंग होतं. बाहेर पाहिलं. खाली सॅन वाकीन नदी, तिच्यापलीकडे व्हॅलीच्या कडेने जाणारा हायवे ५ आणि त्याला समांतर दोन कालवे. उजवीकडे लांब आल्टामाँटच्या पवनचक्क्या. आणि समोर थोडं डावीकडे, डोंगराच्या माथ्यावर, लिक वेधशाळेचे पांढरे घुमट. ते घुमट डाव्या हाताला ठेवून पुढे गेलं की सॅन होजे. नॉरकॅल अ‍ॅप्रोचचं फ्लाइट फॉलोइंग, म्हणजे हवाई नियंत्रकाचं रडारवरून लक्ष, चालू होतंच. टॅब्लेट काढून नवऱ्याकडे दिला, त्याने तो सीटखाली सावलीत ठेवला. घाबरण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण कागद नसता तर असतं.

तेव्हापासून टॅब्लेट योकवर न लावता बाजूच्या खिडकीला, हवेच्या झोताजवळ लावते. मागे जाड कव्हर नाही. उन्हात चार्जिंग नाही, घरून पूर्ण चार्ज करून न्यायचा. जमिनीवर विमान तापत असताना तो डॅशबोर्डवर सोडायचा नाही. बॅगेत फोन, त्यात तेच अ‍ॅप, तेच नकाशे उतरवलेले. एका वर्गणीत किती यंत्रं चालतात हे म्हणूनच घेण्याआधी बघावं. आणि दाराच्या खिशात घडी घातलेला सेक्शनल. कुठेही स्टँड बसवलात की निघण्याआधी योक पूर्ण डावीकडे-उजवीकडे फिरवून, पूर्ण मागे ओढून बघा. वायर कुठे अडकत नाही ना?

जीपीएसच जाणं ही वेगळी गोष्ट. अमेरिकेच्या पश्चिम भागात लष्कराच्या चाचण्यांमुळे जीपीएस बिघडू शकतं असे नोटाम निघतात, चायना लेकच्या लष्करी तळाच्या आसपासचे विशेषतः. तेव्हा टॅब्लेट, फोन आणि पॅनल तिन्ही एकदम जातात. चेकराइडला, म्हणजे परवान्याच्या प्रत्यक्ष परीक्षेला, परीक्षक मुद्दाम "तुझा टॅब्लेट गेला" म्हणतात, त्यामागे हेच आहे.

किती पैसे द्यायचे

वर्गणीच्या पातळ्या असतात. शिकाऊ आणि व्हीएफआर पायलटला सगळ्यात खालची पुरते. आयएफआरचे, म्हणजे ढगांतून उपकरणांवर उडण्यासाठीचे, सजवलेले नकाशे, त्रिमिती दृश्य, बाजूने डोंगर दाखवणारं चित्र हे वरच्या पातळीत मिळतं. त्यातलं डोंगरांचं चित्र सिएरात उडणाऱ्यांच्या खरंच उपयोगाचं आहे, पण ते पहिल्या वर्षी नको, कागदावर शिखरांची उंची वाचायची सवय आधी लागू दे. एकदम अनेक वर्षांचे पैसे भरू नका. कंपन्या आणि पातळ्या बदलत राहतात. फोरफ्लाइट २००७ मध्ये सुरू झालं, २०१९ मध्ये बोइंगने घेतलं, आणि २०२५ मध्ये थोमा ब्राव्होला विकायचा करार जाहीर झाला.

भारतात उडत असाल तर

बारामती, धुळे, गोंदियात शिकणाऱ्यांचे निरोप मला येतात. तिथे यातलं बरंच लागू नाही. एफएएसारखे खुले व्हीएफआर नकाशे आणि मनोऱ्यांवरून फुकट हवामान तिथे नाही. एअरपोर्ट्स ऑथॉरिटीची एआयपी, म्हणजे हवाई माहितीची अधिकृत पुस्तिका, ऑनलाइन मोफत बघता येते, ती वाचायची सवय लावा. क्रॉस-कंट्रीला फ्लाइट प्लॅन भरल्यावर एफआयसी आणि एडीसी हे उड्डाणाच्या मंजुरीचे नंबर घ्यावेच लागतात, अ‍ॅपमध्ये रेघ काढली म्हणून ते काम टळत नाही. तुमची शाळा जो नकाशा आणि जी पद्धत शिकवते तीच धरा. अ‍ॅप घेतलंच तर जमिनीवर सराव करायला घ्या.

आणि अमेरिकेतून सुट्टीला घरी जाणाऱ्यांसाठी एक काळजीची गोष्ट. इकडे डोंगरात उडताना बरेच जण गार्मिन इनरीचसारखा सॅटेलाइट कम्युनिकेटर सोबत ठेवतात. भारतात परवान्याशिवाय तो बाळगणं बेकायदा आहे आणि विमानतळावर लोकांना त्यासाठी अडवलं गेलं आहे. फ्लाइट बॅगेतून काढून घरीच ठेवा.

पहिलं उड्डाण

अ‍ॅप निवडून झालं, की ते घेऊन पहिल्यांदा एकट्याने जाऊ नका. इन्स्ट्रक्टरला किंवा परवाना असलेल्या मित्राला सोबत घ्या. जाताना विमान तुम्ही उडवा आणि टॅब्लेट त्याच्या हातात द्या. येताना उलट, तो उडवेल आणि तुम्ही फक्त टॅब्लेट चालवा. दोन्ही कामं वेगवेगळी हाताखालून गेली की मग एकत्र करा.

फ्लाइट प्लॅन अ‍ॅपमधूनच भरा, निघाल्यावर तो सुरू करा. कोलंबियाला उतरलात, विमान दोरांनी बांधलंत, की कॉफी शोधण्याआधी प्लॅन बंद करा. ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासात तो बंद झाला नाही तर शोध सुरू होतो. अ‍ॅपमधलं बटण दाबायला नेटवर्क लागतं, आणि डोंगराच्या कुशीत ते असेलच असं नाही. मिळालं नाही तर विमानतळावरच्या कुणाकडून फोन मागून घ्या आणि फ्लाइट सर्व्हिसला कळवा. तो नंबर मांडीवरच्या कागदावर, सगळ्यात वर लिहून ठेवा.